बुद्धिबळाच्या प्रोग्रामने आधी विचारावं, मग सांगावं

प्रश्न: मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र मिळून जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम तयार करतोय. आत स्टॉकफिश हे चाली शोधणारं मोफत इंजिन घातलंय, त्यामुळे ताकदीची चिंता नाही. पण खेळणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना यापुढे प्रोग्रामकडून नेमकं काय पाहिजे? खेड्यात शिकवणाऱ्या कोणी सविस्तर सांगितलं तर बरं होईल.

उत्तर:

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या तीन गावांत गेली २२ वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतो. बहुतेक मुलं शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असतो, मग वेचणी संपली की हळूहळू परत भरतो. २०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून मुलींची संख्या वाढली आहे. पालक स्वतः आणून सोडतात. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी अगदी रोजचा आहे.

ताकदीची चिंता नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं, तेव्हा ते यंत्र सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होतं. आज साध्या फोनवरचा प्रोग्राम जगज्जेत्यालाही भारी पडतो. माझ्या वर्गातल्या पोराला याहून ताकदवान काहीही नको आहे. त्याला कारण पाहिजे. आपली चाल का चुकली, हे त्याच्या डोक्यात शिरेल अशा रीतीने सांगणारं, त्याहीपेक्षा त्याच्याकडूनच वदवून घेणारं यंत्र पाहिजे.

गेल्या हिवाळ्यातला एक डाव सांगतो. पट मांडून बघा (घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). पांढरा राजा डी४ वर, पांढरं प्यादं ई२ वर, काळा राजा डी६ वर. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची. सातवीतला मुलगा पांढऱ्याकडून खेळत होता. त्याने तीन सेकंदांत प्यादं दोन घरं ढकललं, ई४. डाव बरोबरीत सुटला. रात्री त्याने वडिलांच्या फोनवर तो डाव तपासला. प्रोग्रामने ई४ वर लाल खूण केली, दोन प्रश्नचिन्हं लावली आणि बाजूला लिहिलं: सर्वोत्तम चाल ई३. दुसऱ्या दिवशी पोरगा माझ्याकडे आला.

"सर, प्यादं तं पुढंच न्यायचं हाये ना? मंग एक घर गेलं काय अन् दोन घरं गेलं काय, फरक काय पडते?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. प्रोग्रामला निकाल माहीत होता, आणि या प्रश्नाचं उत्तर तेवढं त्याच्याकडे नव्हतं. मी काहीच सांगितलं नाही. पट मांडला, प्यादं ई४ वर ठेवलं, काळा राजा डी६ वरून ई६ वर आणला आणि विचारलं, "आता तुझा राजा कुठं न्यायचा?" त्याने राजा उचलला, ई४ कडे नेला आणि हात तसाच हवेत राहिला. त्या घरात त्याचंच प्यादं बसलेलं होतं. मग स्वतःच म्हणाला, "जागा मीच अडवली."

सगळा धडा त्यात आला. ई३ खेळलं असतं तर काळा राजा ई६ वर आल्यावर पांढरा राजा ई४ वर गेला असता. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर आणि चाल काळ्याची. काळ्याला बाजूला सरकावंच लागलं असतं, आणि तो ज्या बाजूला सरकला असता त्याच्या दुसऱ्या बाजूने पांढरा राजा आत घुसला असता. आम्ही याला ऑपोझिशनच म्हणतो, मराठी शब्द शोधत बसत नाही. पण मुलाच्या डोक्यात तो शब्द राहिला नाही, ते अडलेलं घर राहिलं. त्यानंतर राजा-प्याद्याच्या शेवटात तो प्याद्याला हात लावण्याआधी राजासाठी जागा बघतो.

हे यंत्राला जमण्यासारखं आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. तुमच्याकडे स्टॉकफिश आहे. चांगल्या चालीनंतरची ओळ, म्हणजे पुढच्या चालींची मालिका, घ्या आणि मुलाने खेळलेल्या चालीनंतरची ओळ घ्या. दोन्हींत समोरच्याला तेच उत्तर देता येतं का बघा. इथे ते राजा ई६. मग चांगल्या ओळीतली पुढची चाल, म्हणजे राजा ई४, दुसऱ्या ओळीत खेळता येते का बघा. येत नसेल तर तिथेच तुमचा प्रश्न तयार झाला: "काळा राजा ई६ वर आला, आता तुझा राजा कुठे जाईल?" प्रत्येक चूक या साच्यात बसणार नाही, पण बऱ्याच बसतात. घोड्यासाठी हवं असलेलं घर आपल्याच प्याद्याने अडवणं, उंटाचा तिरपा रस्ता आपणच बुजवणं, हत्तीच्या उभ्या रांगेत आपलीच सोंगटी आणून ठेवणं. माझ्याकडच्या वह्यांत अशा चुकांची रास आहे.

इथे थोडं मागे जातो, कारण तुमच्या पिढीला हे कदाचित माहीत नसेल. जुन्या स्टॉकफिशला एखादी स्थिती देऊन मूल्यमापन मागितलं की ते तक्ता छापायचं. सोंगट्यांचे इतके, हालचालीला मोकळीक किती त्याचे इतके, राजाच्या सुरक्षिततेचे इतके, पुढे निघालेल्या प्याद्यांचे इतके. मी ते आकडे बघून मुलांना सांगायचो की आपल्याकडे एक प्यादं जास्त आहे, पण राजा उघडा पडलाय म्हणून काटा तिकडे झुकलाय. २०२०च्या सप्टेंबरात स्टॉकफिश १२ आलं आणि त्यात मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली आकडेमोड, आली. मुळात हे तंत्र शोगी या जपानी खेळासाठी २०१८ साली यू नासू यांनी काढलेलं. ताकद एकदम वाढली. पुढे २०२४च्या स्टॉकफिश १६.१ मध्ये माणसांनी हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन पूर्ण काढून टाकलं. ताकदीच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण आता आकडा एकच येतो, आणि तो कुठून आला हे त्यात उलगडून दिसत नाही. कारण सांगण्याचं काम आता इंजिनाच्या बाहेर, दुसऱ्या कोणीतरी करायचं आहे. तुम्ही चौघं ते करू शकता.

सध्याची चॅटजीपीटीसारखी बोलकी यंत्रं हे काम करतील असं बरेच जण सांगतात. मी वापरून बघितली आहेत. भाषा छान असते, पण पटावर नसलेला उंट ती आत्मविश्वासाने हलवतात, आणि बारा वर्षांच्या पोराला खोटं कारण सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट. म्हणून शब्द त्यांच्याकडून घ्यायचे असतील तर घ्या, पण त्यातला प्रत्येक दावा इंजिनाकडून तपासून घ्या. "घोडा इथे आला की वजिराला धोका" असं वाक्य आलं, तर घोडा खरंच तिथे जाऊ शकतो का आणि वजिरावर खरंच मार बसतो का, हे आधी पटावर पडताळायचं आणि मगच मुलाला दाखवायचं. पडताळणीत बसलं नाही तर गप्प राहायचं. मुलांसाठीच्या प्रोग्रामला गप्प राहता आलं पाहिजे, ही माझी फार जुनी मागणी आहे.

त्याच कारणासाठी कोणाचं पारडं जड आहे ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी सुरुवातीला लपवा. डाव तपासताना पोरं पट बघतच नाहीत, पट्टी बघतात. पट्टी खाली गेली की "चुकलं", वर गेली की "जमलं", झालं विश्लेषण. डी. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बराच काळ इंजिनाशिवाय शिकवलं, आणि तो २०२४ साली सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता झाला. प्रत्येक मुलाला हाच रस्ता लागू पडेल असं मी म्हणत नाही. पण आधी स्वतः विचार, मग यंत्राला विचार, हा क्रम मला माझ्या वर्गात पाहिजे. म्हणून डाव संपल्यावर प्रोग्रामने मुलालाच विचारावं, "तुझ्या मते डाव कुठे फिरला?" मुलाने बोट ठेवावं. मग यंत्राने आपलं मत दाखवावं. दोघांचं बोट एकाच चालीवर पडलं तर त्या मुलाची प्रगती होते आहे, मग तो डाव हरलेला असला तरी.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सोबत खेळणारा. शहरातल्या मुलाला रोज नवा प्रतिस्पर्धी मिळतो. माझ्या एका गावात नियमित खेळणारी सहा मुलं आहेत. ती एकमेकांना इतकी ओळखतात की डाव सुरू व्हायच्या आधीच कोण काय खेळणार हे ठाऊक असतं. त्यांना यंत्राशी खेळावं लागतं, आणि कमी ताकदीवर लावलेलं यंत्र माणसासारखं खेळत नाही. स्टॉकफिशची ताकद कमी केली की ते मधूनमधून जाणूनबुजून हलकी चाल निवडतं. दहा चाली ग्रँडमास्टरसारख्या, आणि अकराव्या चालीला वजीर फुकट. अशा यंत्राशी खेळून मूल एवढंच शिकतं की थांबून राहा, ते स्वतःच काहीतरी देईल. आमच्या शेजारच्या गावच्या स्पर्धेत समोरचा पोरगा तसं काही देत नाही.

या बाबतीत माया नावाच्या प्रोग्रामने चांगली वाट दाखवली. तो २०२०च्या सुमारास टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केला. तो लिचेस या मोफत संकेतस्थळावर माणसांनी खेळलेल्या डावांवरून शिकला, आणि सर्वोत्तम चाल शोधण्याऐवजी या दर्जाचा माणूस इथे काय खेळेल हे ओळखायला शिकला. त्याची पहिली नऊ रूपं ११०० ते १९०० रेटिंगची होती. माझी बहुतेक मुलं ११००च्या खाली आहेत, आणि मला नेमकं तिथलं यंत्र पाहिजे. नवशिक्या मुलाची चूक वाटेल तशी नसते, तिलाही वळण असतं. कोपऱ्यात बसलेल्या उंटाची लांबची तिरपी रेघ त्याला दिसत नाही. घोडा पुढे उडी मारतो हे दिसतं, मागे येऊन मारतो हे दिसत नाही. शह दिला की तो दिलाच, फायदा असो नसो. समोरच्याने सोंगटी मारली की लगेच मारायची, मधली चाल शोधायची नाही. या चुका करणारं यंत्र द्या. त्याच्याशी खेळताना मूल या चुका समोरच्याच्या हातून होताना बघेल, त्यांची शिक्षा करायला शिकेल, आणि मग आपल्या हातून होताना थबकेल.

आता खेड्यातल्या अडचणी. माझ्याकडच्या बऱ्याच घरांत एकच फोन आहे, तो वडिलांचा, आणि दिवसभर वडिलांबरोबर वावरात असतो. मुलाच्या हाती रात्री आठनंतर येतो, तेव्हा चार्जिंग कमी असतं आणि लाइन गेलेली असू शकते. म्हणून सगळं काही नेटशिवाय चाललं पाहिजे. खातं उघडा, ओटीपी टाका, हे नको. ओटीपी येईपर्यंत रेंज जाते. इंजिन सतत चालू राहिलं की फोन तापतो आणि बॅटरी उतरते, तेव्हा ते एका चालीवर दोन-तीन सेकंद विचार करून थांबलं पाहिजे. मुलांच्या डावासाठी तेवढं पुष्कळ होतं. स्टॉकफिश १२ बरोबर आलेली नेटवर्कची फाइल साधारण २० एमबीची होती, पुढच्या आवृत्त्यांत ती मोठी होत गेली. जुनी छोटी फाइल घेतली तरी माझं काहीही अडत नाही. डावाच्या शेवटच्या टप्प्यासाठी, पाच सोंगट्यांपर्यंतच्या प्रत्येक स्थितीचा निकाल देणारे सिझिजी तक्ते सुमारे १ जीबी जागा घेतात. ते फोनमध्ये कोंबू नका. फक्त राजा-प्याद्याचे आणि हत्ती-प्याद्याचे तेवढे ठेवा. नवीन आवृत्ती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट देता आली पाहिजे. मी रविवारी माझ्या फोनवरून वीस मुलांना देईन, त्यांचा डेटा खर्च होणार नाही.

भाषेबद्दल एकच पण महत्त्वाचं. नुसती बटणं मराठीत केली म्हणजे प्रोग्राम मराठी होत नाही. मुलं चाली लिहायला शिकतात तेव्हा इंग्रजी अक्षरं त्यांना अडवतात. हत्तीसाठी 'आर' लिहायचा असतो, आणि मुलं 'आर' म्हणजे राजा समजतात, त्यांचं काही चुकत नाही. घोड्यासाठी 'एन' का, हे तर समजावून सांगायलाच पाच मिनिटं जातात. खरं तर फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमांतच प्रत्येकाला सोंगटीसाठी आपल्या भाषेतलं आद्याक्षर वापरायची मोकळीक आहे. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा: आपली पाचही अक्षरं वेगवेगळी आहेत, कुठेच गोंधळ नाही. मुलाने 'घ एफ३' लिहिलं किंवा मोठ्याने म्हटलं तर प्रोग्रामला कळलं पाहिजे, आणि त्यानेही चाल तशीच बोलून दाखवली पाहिजे. दृष्टिहीन मुलांनाही त्याचा फार उपयोग होईल. जमलं तर वहीत हाताने लिहिलेला डाव फोटोवरून वाचून घ्यायची सोय करा. स्पर्धेतले डाव कागदावरच असतात, आणि ते चाल-चाल करून फोनमध्ये भरायचा कंटाळा आला की ते डाव कायमचे जातात.

ऑनलाइन स्पर्धेतली चोरी पकडण्याची सोय बरेच जण मागतात. मोठ्या स्पर्धांसाठी ती हवीच. शाळेच्या वर्गात मला तिची गरज पडलेली नाही. मूल चाल कुठून आणतं ते त्याला कारण विचारलं की लगेच कळतं.

मला स्वतःसाठी, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी, एक गोष्ट पाहिजे. मी एक वही ठेवतो. तिच्यात प्रत्येक मुलाच्या चुकीपुढे एकच शब्द लिहितो: घाई, दिसलं नाही, मोजलं नाही, भीती, कंटाळा. मघाच्या ई४ पुढे 'घाई' आहे. वर्षाच्या शेवटी वही चाळली की कोणाला काय शिकवायचं ते समजतं. ज्याच्यापुढे सगळीकडे 'भीती' आहे त्याला कोडी सोडवायला देऊन उपयोग नसतो, त्याला वजिरांची अदलाबदल टाळून खेळायला लावावं लागतं. प्रोग्रामला हे सगळं ओळखता येणार नाही, पण घाई नक्की ओळखता येईल, कारण प्रत्येक चालीला किती सेकंद लागले हे त्याला माहीत असतं. अवघड जागी तीन सेकंद आणि उघड जागी दोन मिनिटं घालवणारं मूल त्याने वेगळं काढून दाखवावं. बाकीचा शब्द मला लिहू द्या, त्यासाठी एक रिकामी चौकट ठेवा.

आणि एक मागणी जरा वेगळी आहे, पण मनापासून आहे. आमच्याकडे पारावर बसणारी म्हातारी माणसं अजून देशी बुद्धिबळ खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते, मात्र त्याआधी त्याला शह बसलेला नसावा. किल्लेकोट नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या सोंगटीच्या रांगेत पोचलं ती सोंगटी होते. पंजाबचे खेळाडू मीर सुलतान खान अशाच देशी नियमांवर वाढले, आणि पुढे इंग्लंडला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेते झाले. फेअरी-स्टॉकफिश नावाचं मोफत इंजिन वेगवेगळ्या देशांचे बुद्धिबळाचे प्रकार खेळतं. कंबोडियाच्या खेळातही राजाला अशी एक उडी असते, आणि तो प्रकार त्या इंजिनात आहे. त्यातून देशी नियम बसवता येतील का बघा.

हे मी जुन्याच्या प्रेमापोटी सांगत नाही. त्या सातवीतल्या मुलाचे आजोबा पारावरचे पट्टीचे खेळाडू आहेत. ती स्थिती मी त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी प्यादं एकच घर सरकवलं, त्यांच्या खेळात दोन घरं नसतातच. पुढे त्यांनी राजा ई४ वर नेला तो मात्र नियमामुळे नाही, जाणतेपणाने नेला. नातू शेजारी बसून बघत होता. त्या दोघांना एकाच फोनवर, दोघांच्या नियमांनी खेळता आलं तर पोराचा रात्रीचा सराव घरातच सुरू होईल.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिली आवृत्ती फक्त राजा-प्याद्याच्या शेवटाची करा. चुकलेली चाल, त्यावर एकच प्रश्न, मुलाचं उत्तर. दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर चालतं का ते अमरावतीतच तपासून घ्या आणि मग एखाद्या रविवारी सकाळी नऊच्या आत इकडे या, नंतर मुलं वावरात जातात. वह्या मी काढून ठेवतो. त्यांतल्या २० चुका तुमच्या प्रोग्रामला घालून बघू, आणि तो जे प्रश्न विचारेल ते थेट मुलांपुढे ठेवू.